पार्किन्सन्सचा व्यायाम: पूलमध्ये की घरात? तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी पार्किन्सन्सच्या व्यायामाबद्दल आहेत आणि त्यातही पाण्यातल्या व्यायामाबद्दल, म्हणून अख्खं सदर त्यालाच देतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गोळी वाढवू का, कमी करू का असे जे प्रश्न आलेत ते कृपया तुमच्या न्यूरोलॉजिस्टलाच विचारा, मी इथे फक्त हालचालीबद्दल बोलणार.

प्रश्न: सासऱ्यांना चार वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, वय 68. चालताना पावलं बारीक बारीक पडतात, पुढे झुकतात आणि मग एकदम वेगच वाढतो, दोनदा पडता पडता वाचलेत. सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या की पाण्यातला व्यायाम यांच्यासाठी बेस्ट, पडायची भीतीच नाही. आम्ही नवराबायको दोघं नोकरीला, रोज पूलवर नेणं जमणारच नाही. पाण्याचं नाही केलं तर त्यांचं नुकसान होईल का? घरी काय करून घेऊ? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: ताई, आधी ते अपराधीपण काढून टाका. पाण्यात नाही नेलं म्हणून सासऱ्यांचं काही बिघडणार नाहीये. 2023 मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) पार्किन्सन्स आणि व्यायामावरचे 156 अभ्यास एकत्र करून तपासले, जवळजवळ आठ हजार रुग्ण होते त्यात, आणि निष्कर्ष साधा निघाला की बहुतेक सगळ्या प्रकारच्या व्यायामाने फायदा होतो, नाच असो, पाणी असो, ताकदीचा असो, आणि अमुकच एक प्रकार बाकीच्यांच्या खूप पुढे आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे जो व्यायाम घरात रोज होईल तो, महिन्यातून दोनदा होणाऱ्या पूलपेक्षा केव्हाही चांगला. माझं स्वतःचं मत पण हेच आहे, जमीन रोज, आणि पाणी जमेल तेव्हा, वरचं म्हणून.

काकूंचं म्हणणं खोटं नाहीये पण. पाण्यात काय होतं, कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण निम्मंच वजन येतं आणि छातीइतक्या पाण्यात तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. शिवाय पाणी सगळ्या बाजूंनी धरून ठेवतं, त्यामुळे तोल गेला तरी माणूस धाडकन पडत नाही, हळूहळू कलतो, आणि पार्किन्सन्समध्ये तोल सावरायला जो वेळ जास्त लागतो तो वेळ पाणी देतं. मागे पाऊल टाकणं, आडवं चालणं, वळणं, हे सगळं जमिनीवर करताना ज्यांना भीती वाटते ते पाण्यात मोकळेपणाने करतात, पाणी कोमट असेल तर अंगाचा ताठरपणाही सुटतो. फक्त ते कोमट असणं महत्त्वाचं आहे, 32-34 अंशांच्या आसपास. आपल्याकडचे महापालिकेचे तलाव उघड्यावरचे, पाणी तापवलेलं नसतं, जानेवारीत सकाळी सातला त्या पाण्यात उतरवलंत तर स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आखडतात. हॉस्पिटलच्या फिजिओ डिपार्टमेंटमध्ये किंवा खाजगी सेंटरमध्ये कोमट पाण्याचा पूल असेल तर जरूर चौकशी करा, आणि फी विचारायच्या आधी हे विचारा की पाण्यात उतरायला कठडा धरून जायच्या पायऱ्या आहेत का (उभी शिडी यांच्या कामाची नाही), पाणी छातीच्या वर जात नाही ना, आणि फिजिओ काठावर उभं राहून सूचना देणार की त्यांच्याबरोबर पाण्यात उतरणार. उतरणार नसेल तर नको.

आता घरचं. पार्किन्सन्समध्ये मेंदूतलं डोपामिन कमी होतं आणि त्याचा एक परिणाम असा की हालचालीचं माप चुकतं, माणसाला वाटतं आपण नेहमीएवढंच पाऊल टाकलं, प्रत्यक्षात ते अर्धंच पडलेलं असतं. म्हणून "नीट चाला" सांगून काही होत नाही, त्यांच्या मते ते नीटच चालतायत. त्याऐवजी एकच शब्द वापरा, "मोठं". मोठं पाऊल, मोठा हात, मोठा आवाज. याच तत्त्वावर एलएसव्हीटी बिग नावाची पद्धत आहे, आठवड्याला चार दिवस, एकेक तास, असे चार आठवडे, ती शिकलेले फिजिओ मुंबईत मिळतात. ते परवडलं नाही तरी "मोठं" हा शब्द फुकट आहे, घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा, नातवाने पण.

एक गोष्ट मात्र मी तपशीलात सांगते कारण तिचा उपयोग दिवसातून वीस वेळा होतो, खुर्चीतून उठणं. प्लास्टिकची खुर्ची नको, ती मागे सरकते, हात असलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आधी पुढे सरकून कडेवर यायचं. मग दोन्ही पाय मागे ओढून टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे आणायच्या, पायात थोडं अंतर. मग पुढे वाकायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे जायला पाहिजे, इथेच सगळे अडकतात, पुढे पडू या भीतीने मागेच राहतात आणि मग अर्धं उठून परत बदकन बसतात. वाकल्यावर मोठ्याने एक, दोन, तीन म्हणायचं आणि तीनला उठायचं. बसतानाही खुर्चीचा स्पर्श दोन्ही पोटऱ्यांना झाल्याशिवाय बसायचं नाही आणि स्वतःला सोडून द्यायचं नाही, हळू. हे आठ ते दहा वेळा, सकाळी एकदा संध्याकाळी एकदा, मांड्यांना याच्याइतका चांगला व्यायाम घरात दुसरा नाही. सुरुवातीला शेजारी कोणीतरी उभं हवंच.

आणि वेळ. लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या, गोळीचा परिणाम चढला की ते मोकळे असतात, त्याला ऑन म्हणतात, उतरला की ऑफ. व्यायाम ऑनमध्येच करायचा. बऱ्याच जणांना गोळी घेतल्यावर पाऊण ते एक तासाने बरं वाटायला लागतं, पण प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून आठवडाभर वहीत लिहा, गोळी किती वाजता, मोकळं किती वाजता वाटलं. तुम्ही नोकरीला जायच्या आधीची घाईतली वेळ नेमकी ऑफची निघाली तर भांडणं होतील आणि व्यायाम होणार नाही, त्यापेक्षा संध्याकाळी आल्यावर करा किंवा दिवसा येणाऱ्या मदतनीस बाईंना शिकवा.

प्रश्न: वडिलांचं गेल्या वर्षी डीबीएसचं (मेंदूत बारीक तारा बसवून बॅटरीच्या मशीनने सौम्य करंट देतात ते) ऑपरेशन झालं, कंप जवळजवळ गेला, गोळ्या कमी झाल्या, आम्ही सगळे खूप खूश आहोत. बाबा आयुष्यभर शिवाजी पार्कच्या तलावात पोहलेले, पट्टीचे पोहणारे. आता म्हणतात मला परत सुरू करायचंय, मी एकटा जाईन, तुम्ही कशाला येताय. सोडू का? (एक वाचक, दादर)

उत्तर: एकटं अजिबात सोडू नका. हे मी जितक्या जोरात लिहू शकते तितक्या जोरात लिहितेय, कारण ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे.

2019 मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी न्यूरॉलॉजी या जर्नलमध्ये नऊ रुग्णांबद्दल लिहिलं. नऊही जण चांगले पोहणारे, डीबीएस झाल्यावर बाकी हालचाल सुधारलेली, आणि पाण्यात गेल्यावर लक्षात आलं की पोहताच येत नाहीये. त्यातल्या एका गृहस्थांनी आत्मविश्वासाने तळ्यात उडी मारली आणि घरच्यांनी बाहेर काढलं म्हणून वाचले. एक बाई तर स्पर्धांमध्ये पोहलेल्या. तिघांनी मशीन बंद करून पाहिलं तर पोहणं लगेच परत आलं, पण बाकीची लक्षणं इतकी वाढली की त्यांनी ते पुन्हा चालू केलं. असं नक्की का होतं ते अजून स्पष्ट नाही. हात आणि पाय एका लयीत एकत्र चालवण्याचं जे काम आहे त्यात कुठेतरी गडबड होत असावी असा अंदाज आहे.

डीबीएस झालेल्या प्रत्येकाचं असं होईल असं नाही, बाबांना कदाचित छान पोहता येईलही. अडचण ही आहे की ते काठावर बसून कळत नाही, पाण्यात उतरल्यावरच कळतं, आणि ते कळण्याची जागा खोल पाणी असता कामा नये. आणि डीबीएस न झालेल्यांसाठी सुद्धा हे लागू आहे बरं का, मध्येच ऑफ आलं, एक पाय आखडला, तर जुनी सवय कामाला येत नाही.

मग काय करायचं. पहिल्यांदा ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याशी बोला, पोहण्याबद्दल स्पष्ट शब्दात विचारा, जखम आणि बॅटरीची जागा नीट भरलीय ना ते बघू दे. मग उथळ बाजूला, छातीइतक्या पाण्यात, तुम्ही स्वतः किंवा पोहता येणारं कोणीतरी हाताच्या अंतरावर असताना, आधी नुसतं चालणं. मग कठडा धरून पाय मारणं. मग पाठीवर तरंगून परत दोन पायांवर उभं राहता येतंय का ते, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आडवं झालेलं शरीर पाण्यात उभं करणं पार्किन्सन्समध्ये खूप जणांना जड जातं. हे सगळं आरामात जमलं तरच चार हात मारायचे, तेही कठड्याला समांतर आणि पाय टेकतील तिथेच. गार्डला आधीच सांगून ठेवा की यांना पार्किन्सन्स आहे. बाबांना लाज वाटेल कदाचित, ज्या तलावात त्यांनी लोकांना शिकवलं असेल तिथे असं सांगायला लागणं सोपं नसतं, त्यांच्याशी प्रेमाने बोला. त्यांना सांगा की पाणी तोडत नाही आहोत, एकटं जाणं तेवढं बंद.

अजून एक, लोक पाण्याची काळजी घेतात आणि पाण्याबाहेर पडतात. ओल्या लाद्या, चेंजिंग रूम, एका पायावर उभं राहून चड्डी बदलणं, अपघात तिथे होतात. मागे पट्टा असलेले रबरी ग्रिपचे बूट घाला, साध्या सपाता नकोत, आणि कपडे बसूनच बदलायचे. पाण्यातून बाहेर आल्यावर बीपी पटकन खाली येतं, पार्किन्सन्समुळे आणि गोळ्यांमुळे ते तसंही खाली यायच्या बेतात असतं, त्यामुळे शेवटच्या पायरीवर दोन मिनिटं बसा, मग काठावर खुर्चीत बसा, पाणी प्या, मग उठा. चक्कर येत असेल, हृदयाचा त्रास असेल, फिट येण्याचा इतिहास असेल, गिळताना ठसका लागत असेल, अंगावर उघडी जखम असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्यात जाऊच नका.

प्रश्न: मिस्टर चाळीच्या गॅलरीत बरे चालतात पण संडासच्या दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटतात. मागे लोक थांबलेले असतात, ते बडबडतात, मी हात धरून ओढते, मग अजूनच अडकतात. व्यायामाने हे जाईल का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर: वहिनी, याला फ्रीझिंग म्हणतात आणि दार, उंबरा, लिफ्ट, गर्दी, वळण, घाई ही याची ठरलेली ठिकाणं. ते मुद्दाम करत नाहीत, आणि हे मागे थांबलेल्या शेजाऱ्यांना तुम्ही एकदा दिवसा, शांतपणे, सांगून टाका. चाळीतली माणसं समजून घेतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

ओढायचं नाही. ओढलं की वरचं अंग पुढे येतं आणि पाय तिथेच राहतात, असेच लोक पडतात. पाय अडकले की आधी थांबायचं, पूर्ण थांबायचं, सरळ उभं राहायचं, एक श्वास. मग वजन डाव्या पायावर, उजव्या पायावर, असं दोनतीन वेळा झुलायचं आणि मग एक मोठं पाऊल. तुम्ही तुमचा पाय त्यांच्या पायासमोर आडवा ठेवून "यावरून पाय टाका" म्हणालात तरी चालू होतात कित्येक जण, आपोआप होणारी हालचाल अडली तरी समोर दिसणारी खूण ओलांडायला मेंदू दुसरी वाट वापरतो. म्हणूनच दाराच्या आधीपासून ते दाराच्या आतपर्यंत जमिनीवर रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावा, एका पावलाच्या अंतराने, लादीच्या रंगापेक्षा एकदम वेगळ्या रंगाचे. पट्टे दारापाशी संपवू नका, आत गेल्यावर वळायचं असतं तिथेही दोन हवेत. चाळीत सामायिक जागेत पट्टे लावायला कोणी हरकत घेणार नाही असं धरून चालते, घेतली तर माझं हे उत्तर दाखवा.

लय पण कामाला येते. "विठ्ठल विठ्ठल" म्हणत पाऊल टाका, किंवा त्यांना जे भजन, जे गाणं पाठ असेल ते, ठेका स्पष्ट पाहिजे बस. आणि चालताना त्यांच्याशी बोलू नका, बाजारातून काय आणायचं ते नंतर विचारा. वळताना जागच्या जागी गर्रकन फिरायचं नाही, अर्धगोल घेऊन चालत वळायचं, आणि जागा अगदीच चिंचोळी असेल तर घड्याळाच्या आकड्यांवर पाऊल टाकल्यासारखं, बारा, तीन, सहा, असं.

व्यायामाने जाईल का, तर पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. वजन झुलवणं, आडवी पावलं, मोठं पाऊल यांचा रोज गॅलरीत सराव केला तर अडकणं कमी होतं आणि अडकल्यावर सुटायला कमी वेळ लागतो. पाण्यातही आडवी पावलं आणि वळणं छान शिकता येतात, पण पाय चिकटतात ते दारात, त्यामुळे सराव शेवटी दारातच करायला लागतो. फ्रीझिंग दिवसाच्या ठराविक वेळीच होतंय का ते लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळीची वेळ बदलूनही कधीकधी बराच फरक पडतो. आणि संडासला घाईची लागायच्या आधीच, घड्याळ लावून, ठरलेल्या वेळी पाठवा.

प्रश्न: वय 54, सहा महिन्यांपूर्वी निदान झालं, उजव्या हाताला कंप आहे बाकी ठीक. अजून नोकरी चालू आहे, पार्ला ते चर्चगेट. चालायला जातो पण जोरात चाललं की हात जास्त थरथरतो म्हणून भीती वाटते, आजार वाढत तर नाही ना? किती व्यायाम झेपेल? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: दादा, नाही वाढत. दम लागला, टेन्शन आलं, कोणी बघतंय असं वाटलं की कंप वाढतो आणि थांबल्यावर खाली येतो, त्याने मेंदूला काही इजा होत नाही. हात थरथरतोय म्हणून चालणं कमी करू नका.

उलट तुमच्यासारख्यांनीच जोरात करायला पाहिजे. 2018 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, 128 जण, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले आणि पार्किन्सन्सचं औषध अजून सुरू न झालेले. एका गटाला ट्रेडमिलवर हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या 80 ते 85 टक्क्यांपर्यंत नेलं, एकाला मध्यम, एकाला नेहमीसारखं राहू दिलं. सहा महिन्यांनी जोरात करणाऱ्यांची लक्षणं जवळजवळ होती तिथेच होती आणि नुसतं नेहमीसारखं राहिलेल्यांची वाढली होती. अभ्यास छोटा आहे, त्यावरून मोठी आश्वासनं देणार नाही, पण दिशा मला पटते. मात्र एकदम उद्यापासून नाही, आधी हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून घ्या, आणि पार्किन्सन्समध्ये काहींचे ठोके व्यायामाने हवे तेवढे वाढतच नाहीत, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर फार विसंबू नका, बोलताना वाक्य तुटायला लागलं पण शब्द येतायत एवढा दम चांगला. आठवड्याला एकूण 150 मिनिटं हे ढोबळ माप धरा, त्यात दोन दिवस ताकदीचे आणि दोनतीन दिवस तोलाचे.

पोहायला येत असेल तर सुरू ठेवा, पण वर दादरच्या वाचकांना लिहिलंय ते वाचा, सोबत कोणीतरी हवंच. आणि गाडी पकडायला पळू नका, आधीची गाडी घ्या किंवा सरळ पुढची, चर्चगेटहून सुटणारी असेल तर बसायला मिळते. उतरणाऱ्या घोळक्यात मधोमध राहू नका, वळायला जागा मिळत नाही.

एकट्याने कंटाळा येत असेल तर मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ही संस्था 2001 पासून आहे, त्यांचे वेगवेगळ्या भागात गट भरतात, तिथे व्यायामही घेतात आणि बोलायलाही माणसं मिळतात. तुमच्या वयाचे लोक तिथे जायला कचरतात, आपल्याहून पुढच्या टप्प्यातले रुग्ण बघून धसका बसेल म्हणून. ते साहजिक आहे. पहिल्यांदा बायकोला किंवा मित्राला बरोबर घेऊन जा, आणि तिथल्या फिजिओला सांगा की मला आत्ताच्या टप्प्याचं, जोराचं, काहीतरी द्या.